मर्यादेच्या आत

कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी आणि चमचाभर मध. लीलाने त्या डबीत एवढंच घातलं होतं. विकतच्या मलमांच्या पाठीवर असतात तसली लांबलचक नावं नाहीत, रंग नाही, काही नाही. मग अफशीनचा डोळा सुजला कशाने?

शुक्रवारपासून हा प्रश्न लीलाच्या मागे लागला होता. आज रविवार होता, आणि उत्तर कळायच्या आधीच तिला त्या उत्तराची भीती वाटू लागली होती.

साल होतं २०६१. गडहिंग्लज बरंच बदललं होतं. गच्च्यांवर भाजीचे काचेचे कप्पे आले होते, बाजारात चालकाविना गाड्या सामान पोचवत होत्या. फुटबॉलचं वेड मात्र तसंच होतं. इथलं मूल आधी चेंडूला लाथ मारतं आणि मग चालायला शिकतं, असं लोक अजूनही म्हणायचे. अफशीन मुजावर सातवीत होती आणि शाळेच्या संघाची गोलरक्षक होती. मंगळवारी कोल्हापूरला जिल्ह्याचा अंतिम सामना होता. उन्हात सराव करून तिच्या डोळ्यांखालची कातडी सोलवटली होती. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी लीलाने तिला ती डबी करून दिली.

"एकदम शुद्ध आहे," ती म्हणाली होती. "बिनधास्त लाव."

शुक्रवारी अफशीनचा उजवा डोळा लालभडक झाला. डॉक्टरांनी विचारलं, मैदानात धूळ उडाली होती का? उडाली होती. त्यांनी डोळा तपासला, धुळीने किंचित खरचटलंय म्हणाले आणि थेंब दिले. लीला तिथेच उभी होती. डबीची गोष्ट तिच्या अगदी ओठांवर आली होती. तिने ती गिळून टाकली. शुद्ध वस्तूने काय होणार? आणि तिच्यामुळेच झालं असेल, तर सगळा संघ काय म्हणेल?

डबी भरून उरलेला गर तिने स्वतःसाठी एका वाटीत झाकून ठेवला होता. रविवारी जेवणं झाल्यावर ती वाटी घेऊन ती अज्जांच्या खोलीत शिरली.

अज्जा म्हणजे तिचे आजोबा, डॉ. शिवलिंग कोरे. खाण्याच्या आणि अंगाला लावायच्या वस्तूंची तपासणी करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. निवृत्त होताना प्रयोगशाळेने मोडीत काढलेला एक यंत्रमानव त्यांनी घरी आणला होता. त्याला एकच हात होता, आणि त्याचं नाव होतं पारखी. अज्जा खुर्चीत डुलकी घेत होते. लीलाने हळूच वाटी पारखीपुढे सरकवली.

पारखीने सुईच्या टोकाएवढा गर उचलला. पाच मिनिटं त्याच्या पोटात बारीक घरघर चालली.

"जिवाणू, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव," पारखी स्वच्छ आवाजात म्हणाला, "दर ग्रॅममध्ये चार लाख तीस हजार. डोळ्यांजवळ लावायच्या वस्तूत शंभरपेक्षा जास्त चालत नाहीत. कृपया वापरू नका."

"हळू बोल ना!" लीला कुजबुजली. पण अज्जांचे डोळे उघडले होते.

"कशाचा नमुना आहे हा?"

"कोरफडीचा. मीच केला. पण अज्जा, पारखीचं चुकलं असेल. बघा ना, किती नितळ आहे. वासही चांगला येतोय."

अज्जांनी वाटी उजेडात धरली. "नितळच दिसणार. एका थेंबात हजारो जिवाणू मावतात आणि पाणी गढूळही होत नाही. जिवाणूंना वाढायला काय लागतं, सांग बघू?"

"पाणी," लीला म्हणाली. "खाणं. आणि ऊब."

"तुझ्या वाटीत तिन्ही आहेत. गरात पाणी, गरात साखर, आणि आपलं हे ऊन. वर रोज त्यात बोट बुडायचं, म्हणजे नवे पाहुणे आत. काही जिवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. सगळं मनासारखं मिळालं तर सात तासांत एकाचे वीस लाख."

"पण लोणचं तर वर्षभर टिकतं!"

"लोणच्यात मीठ असतं. मीठ जिवाणूंच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. मुरंब्यात साखर तेच करते. ज्यात मीठ-साखर घालता येत नाही, त्यात परिरक्षक (वस्तू टिकवणारं रसायन) घालतात. सरबतात, मलमात, शाम्पूत. अगदी थोडं, पण लागतं. तू काय घातलंस?"

"मध."

"मध नुसता असतो तेव्हा टिकतो. पाण्यात कालवला की त्याची ताकद जाते. परिरक्षक का नाही घातलंस? माझ्या कपाटात होतं."

लीलाला रडू फुटलं. "तुम्हीच तर म्हणता! बाटली हातात घेतली की मागचं वाचता आणि तोंड वाकडं करता. 'पेरोझीनने लोकांचे हात खाल्ले' असं म्हणता. म्हणून मी ठरवलं, रसायन नाहीच घालायचं."

अज्जांनी वाटी खाली ठेवली. त्यांनी विचारलं, "हा गर आणखी कुणाकडे आहे?"

लीलाने सगळं सांगितलं. अज्जा ताडकन उठले. "चप्पल घाल. आत्ता निघायचं."

मुजावरांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. दार अफशीनच्या आईने, यास्मीन मावशींनी उघडलं. आत अफशीन कॉटवर पडली होती. डोळा पार मिटला होता. उशाशी ती डबी होती, उघडी.

"आग होतेय म्हणून सारखं हे लावते," यास्मीन मावशी म्हणाल्या. "तुझ्या गराने तेवढाच थंडावा मिळतो तिला."

लीलाने झटकन डबी उचलली. "मावशी, नका लावू. त्यात जिवाणू आहेत. लाखो. मी शुक्रवारीच सांगायला हवं होतं."

अफशीनने चांगला डोळा तिच्याकडे वळवला. "शुक्रवारी तुला माहीत होतं?"

"नक्की माहीत नव्हतं. पण वाटलं होतं."

अफशीनने मान भिंतीकडे फिरवली.

डबी घेऊनच ते सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पुन्हा डोळा तपासला आणि त्यांचा चेहरा बदलला. धुळीने बुबुळावर पडलेल्या ओरखड्यातून जिवाणू आत शिरले होते आणि तिथे व्रण झाला होता. औषध ताबडतोब बदलावं लागलं. दर तासाला एक थेंब. सामन्याचा विषयच उरला नाही. "डोळा वाचेल," डॉक्टर म्हणाले, "पण वण राहील थोडा. दोन दिवस आधी ही डबी माझ्यासमोर आली असती, तर कदाचित तोही राहिला नसता."

ते हे रागाने बोलले नव्हते. तरी ते वाक्य लीलाला पुढे कितीतरी महिने ऐकू येत राहिलं.

घरी परतताना अज्जा वाटेतल्या बाकावर बसले. ते दमले होते, पण फक्त चालून नाही.

"लीला, तू अर्धी गोष्ट ऐकून वागलीस. ती अर्धीच सांगितली हा माझा दोष," ते म्हणाले. "आता पुरी ऐक. कोणतंही रसायन किती घालायचं हे कसं ठरतं, माहीत आहे?"

लीलाने नकारार्थी मान हलवली.

"आधी प्रयोगात बघायचं, किती दिलं तरी काहीच वाईट होत नाही. समज, रोज शंभर थेंब. मग त्याला दहाने भागायचं, कारण प्रयोगातला जीव आणि माणूस सारखे नसतात. राहिले दहा. पुन्हा दहाने भागायचं, कारण एक माणूस दुसऱ्यासारखा नसतो. लहान बाळ, म्हातारा, आजारी. राहिला एक थेंब. त्या आकड्याच्या आत राहील, अशी प्रत्येक वस्तूतली मर्यादा ठरवायची. आकडा उगाच कुणाच्या मनात आला म्हणून येत नाही."

"मग पेरोझीनचं काय झालं?"

"पेरोझीन चांगलं परिरक्षक होतं. स्वस्त, आणि चिमूटभरात काम करणारं. आधी ते शाम्पूत होतं. शाम्पू धुऊन जातो. २०३६ साली कंपन्यांनी मागणी केली की मलमातही घालू द्या. मलम अंगावरच राहतं. मर्यादा ठरवणाऱ्या समितीत आम्ही सात जण होतो. तपासणीचे कागद ठीक होते. मी सही केली."

अज्जांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"दुसऱ्या वर्षी मिरजेहून पत्र आलं. मंगल तोडकर नावाच्या बाईंचं. त्यांचं ब्युटी पार्लर होतं. हाताला भेगा पडतात, रक्त येतं, पेरोझीन असलेल्या वस्तू बंद केल्या की बरं वाटतं, असं त्यांनी लिहिलं होतं. माझ्या कार्यालयातून उत्तर गेलं, छापील. 'सदर उत्पादन मर्यादेच्या आत आहे.' खाली माझी सही. मी ते पत्र वाचलंच नव्हतं, लीला. त्यांनी आणखी दोन लिहिली. दोन्हींना तेच उत्तर."

रस्त्यावरून एक सामानाची गाडी सरकत गेली. अज्जा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

"तीन वर्षांत तसली अकराशे पत्रं जमली. मग आम्ही मलमातलं पेरोझीन बंद केलं. मी मिरजेला गेलो, त्यांची माफी मागायला. पार्लरला कुलूप होतं. बाई घरी होत्या, हातात सुती मोजे. त्यांना अधिहर्षता (एखाद्या पदार्थावर शरीराचं चिडून उठणं) झाली होती. ती एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. शरीर विसरत नाही. मला म्हणाल्या, 'साहेब, तुमची मर्यादा एका बाटलीची. माझ्याकडे बाटल्या चौदा होत्या. पण हात दोनच.'"

लीलाने मनात बेरीज केली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे प्रत्येक बाटली मर्यादेत होती, पण सगळ्या मिळून नव्हत्या?"

"तेच ते. त्याला एकूण संपर्क म्हणतात. आज मर्यादा ठरवताना शाम्पू, मलम, साबण, सगळ्यांची बेरीज आधी करतात. तो नियम पुढे झाला. बाईंना मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही."

"मग रसायन वाईट की चांगलं?"

"पाणीसुद्धा रसायनच आहे. काय आहे हे तर विचारायचंच. पण किती, कुठे, कुणाला आणि किती दिवस, हेही विचारायचं. तू काहीच घातलं नाहीस, तिथे जिवाणू वाढले. आम्ही जास्त ठिकाणी घातलं, तिथे हात फाटले. आणि दोघांनीही एक चूक सारखीच केली. सांगायचं तेव्हा तू बोलली नाहीस, ऐकायचं तेव्हा मी ऐकलं नाही."

अफशीन दोन महिने लीलाशी बोलली नाही. कोल्हापूरचा सामना संघ तीन गोलांनी हरला. लीला रोज दप्तर घेऊन मुजावरांच्या दाराशी जायची, वर्गात झालेला अभ्यास यास्मीन मावशींकडे द्यायची आणि परत यायची. कधी कधी आतून अफशीनचा आवाज यायचा. तो ऐकून घरी येणं सगळ्यांत जड जायचं.

तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी अफशीन स्वतःच आली. लीला पारखीच्या पडद्यावर 'परिणाम नोंदवही'चा अर्ज भरत होती. खाण्याच्या किंवा अंगाला लावायच्या वस्तूने कुणाला त्रास झाला, तर तो या सरकारी नोंदवहीत कुणालाही लिहिता येई. लीलाने हा अर्ज तीनदा उघडला होता आणि तीनदा बंद केला होता. 'वस्तू बनवणाऱ्याचं नाव' या रकान्यापाशी तिचं बोट अडायचं. आज तिने तिथे 'शिवलीला कोरे' असं पूर्ण नाव लिहिलं होतं.

"काय लिहितेस?" अफशीनने विचारलं. तिने स्टूल ओढलं, पण जरा लांब ठेवलं.

"माझ्या डबीचं."

"त्याने काय होणार?"

उत्तर पारखीने दिलं. "घरी केलेल्या कोरफडीच्या गराच्या नऊ नोंदी या वर्षी आल्या आहेत. ही दहावी. एकाच वस्तूच्या दहा नोंदी झाल्या, की समितीला बैठक घ्यावीच लागते आणि प्रत्येक नोंद मोठ्याने वाचावी लागते. हा नियम २०४१ साली डॉ. कोरे यांनी सुचवला."

अज्जा खुर्चीत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मग बहुतेक घरगुती गराच्या प्रत्येक कृतीखाली सूचना येईल," लीला म्हणाली. "थंड जागी ठेवा, तीन दिवसांत संपवा, डोळ्यांजवळ लावू नका. किंवा परिरक्षक किती घालायचं ते. निदान पुढच्या कुणाला तरी कळेल."

"हं," अफशीन म्हणाली. मग तिने स्टूल थोडं पुढे घेतलं. "शेवटी काय विचारलंय?"

लीलाने वाचलं. "'वापरणाऱ्या व्यक्तीची आजची स्थिती.'" तिने अफशीनकडे पाहिलं. "बरी आहे, असं लिहू?"

अफशीनने डावा डोळा हाताने झाकला आणि उजव्याने खिडकीबाहेर, वर आभाळाकडे बघितलं. थोडा वेळ तशीच राहिली.

"नको," ती म्हणाली. "लिही, उंचावरून येणारा चेंडू उशिरा दिसतो. गोलमध्ये उभी राहत नाही. आता बचावात खेळते."

लीलाचं बोट हललं नाही.

"लिही ना," अफशीन म्हणाली. "मोठ्याने वाचणार आहेत ना ते? मग बरोबर लिही."

लीलाने लिहिलं. एकेक अक्षर, अगदी तिने सांगितलं तसं.