खोगिरातली ऋता

शनिवारी सकाळपासून सहा मुलांनी मोहरीवर बसून दाखवलं आणि सहाही जणांना बरोबर बहात्तर पूर्णांक चार टक्के गुण पडले. यात कुणालाच काही खटकलं नाही. उलट पालक खूश होते. त्यातल्या एकाचं पोर तर त्या दिवसापर्यंत बैलगाडीतसुद्धा बसलेलं नव्हतं.

मोहरी ही साताऱ्याजवळच्या उरमोडी अश्वशाळेची तपकिरी पोनी, चार वर्षं राज्यात पहिली येणारी. तिचा खेळ ड्रेसाज. त्यात शर्यत नसते, उड्या नसतात. रेतीच्या आखीव रिंगणात, कडेच्या पाट्यांवरच्या अक्षरांपाशी घोड्याने ठरल्याप्रमाणे वळायचं, चाल बदलायची, थांबायचं; आणि स्वाराने हे सगळं असं करून घ्यायचं की तो काही करतोय असं बघणाऱ्याला वाटूच नये. आता तर स्वार खरोखरच काही करत नव्हता. मोहरीची जुनी स्वार ऋता दाभोळे सोळा वर्षांची होऊन ताडमाड वाढली होती. तिचे पाय पोनीच्या पोटाखाली लोंबायला लागले, तेव्हा शाळेने जाहिरात दिली: ‘यशस्वी पोनीसाठी नवा स्वार हवा. अनुभवाची अट नाही.’

अट नव्हती ती खोगिरामुळे. त्याला स्मृतिखोगीर म्हणत. चामड्याखाली हवेच्या चाळीस छोट्या गाद्या आणि लगामाला बोटाएवढी मोटर. ऋताच्या मांड्या, टाचा, बोटं कुठे किती दाब देतात, हे त्या खोगिराने चार वर्षं टिपून ठेवलं होतं. आता वर कुणीही बसा, मोहरीच्या बरगड्यांना ऋताच जाणवायची.

सातवी होती जुई कणसे. वय बारा, उजवा पाय जन्मापासून बारीक आणि आखूड. दोन वर्षं ती दर रविवारी इथल्याच आप्पा नावाच्या म्हाताऱ्या घोड्यावर बसायला शिकत होती.

“तुझ्यासाठी तर हे वरदानच आहे,” शितोळे मॅडम म्हणाल्या. त्या शाळेच्या प्रमुख. तीस वर्षं घोडे आणि माणसं दोघांनाही शिकवत आलेल्या. “पाय हलवायची गरजच नाही. तीन आठवड्यांवर स्पर्धा आहे. नुसती ताठ बस.”

जुई ताठ बसली. मोहरी चालली, दुडक्या चालीने धावली, सुरेख वळली. जुईला एसटीत बसल्यासारखं वाटलं. आई कंडक्टर असल्यामुळे एसटीत बसण्याचा तिला भरपूर अनुभव होता.

मग ‘एफ’ची पाटी आली. तिथून कँटर सुरू करायचा, म्हणजे दुडकीच्या पुढची झुलती धाव. त्याच्या क्षणभर आधी जुईच्या डाव्या मांडीखाली गाद्या झटक्यात फुगल्या, लगाम करकचून आवळला गेला. मोहरीचे कान मागे पडले, तिचा श्वास अडकला, आणि मग ती धावली. रिंगणाबाहेर आपोआप गुण दाखवणाऱ्या पडद्यावर पुन्हा बहात्तर पूर्णांक चार.

“त्या पाटीपाशी काय झालं?” जुईने विचारलं.

उत्तर दिलं ते कठड्याशी उभ्या असलेल्या ऋताने. “तिथं मी पडले होते. पहिल्याच वर्षी. मनगट मोडलं होतं. तेव्हापासून कँटरच्या आधी मी नकळत आवळते.”

“ते काढता येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “काढलं की बाकीची चाल बिघडते, खोगीरवाल्यांनी बघितलंय. अर्धा गुण जातो, जाऊ दे.”

“गुण तुमचा जातो, मॅडम. दचकते ती मोहरी. आज सातव्यांदा दचकली.” मोटरीला ओढता येऊ नये म्हणून जुईने लगाम तिच्या पुढे धरला. “खोगीर बंद करा.”

“बंद केलंस तर निवडीच्या यादीतून नाव जाईल.”

“जुई, मॅडम सांगत्यात तसं कर,” कठड्यापलीकडून आई कळवळून म्हणाली. “तोंडाशी आलेला घास हाय, बाई.”

जुईने ऋताकडे पाहिलं. ऋता म्हणाली, “खोगिराच्या डाव्या झापेखाली. लाल खटका.”

“ऋता, तू यात पडू नकोस,” मॅडमनी दटावलं.

“माझी भीती आहे ती, मॅडम. मला न विचारता तुम्ही ती सात जणांना वाटलीत.”

जुईने खटका पाडला. गाद्यांमधली हवा फुस्सकन निघून गेली आणि मोहरी जागच्या जागी उभी राहिली. जुईने डावी टाच लावली. काही नाही. पालकांमध्ये कुणीतरी हसलं. जुईला राग आला, पण तो मोहरीचा नव्हता. उजवी टाच पोचत नाही म्हणून ती आप्पाला थोपटायची, तशी तिने मोहरीच्या उजव्या कुशीवर तळहाताने हलकी थाप दिली. “चल गं.”

एक कान मागे वळला. मोहरीने पाऊल टाकलं, वाकडं. मग दुसरं. रिंगणाची सरळ रेघ त्यांनी पार नागमोडी केली. ‘एफ’पाशी ती आपणहूनच थांबली, मान ताठ करून झटक्याची वाट बघत. जुईकडे द्यायला झटका नव्हता. तिने लगाम सैल सोडला आणि लांब श्वास टाकला. जरा वेळाने मोहरीनेही फुर्रकन नाकातून हवा सोडली. मग थाप पडली आणि कँटरची चार पावलं आली, तीही उलट्या बाजूला, रिंगणाच्या मधोमध जाऊन थांबणारी. जुईने हात खाली सोडून, मान लववून परीक्षकांच्या रिकाम्या खुर्चीला सलाम केला. जिंकलेले स्वार करतात तसाच.

पडद्यावर अडतीस टक्के होते. त्या रिंगणात इतके कमी कधीच पडले नव्हते.

“झालं समाधान?” मॅडम म्हणाल्या. “उतर आता.”

“न्हाई उतरणार. स्वार मोहरीला पायजे ना? मग तिला ठरवू द्या.”

मॅडमनी खिशातून रिमोट काढून खोगीर परत सुरू केलं. गाद्या पुन्हा फुगल्या, जुईच्या मांडीखाली तो ओळखीचा झटका बसला, मोटरीने लगाम खेचला. पडद्यावर अक्षरं आली: ‘सूचना दिली. कँटर.’

मोहरी हलली नाही.

मॅडमनी पुन्हा बटण दाबलं. मग आणखी एकदा, जोर वाढवून. चार वर्षांत या पोनीने एकही सूचना मोडली नव्हती. आता ती चारही पाय रोवून उभी होती आणि तिचे दोन्ही कान मागे, जुईच्या दिशेला वळले होते. पालक कठड्याशी येऊन उभे राहिले. ऋता रडत होती आणि ते तिने लपवलं नाही.

मॅडम रेती तुडवत आत आल्या. त्यांनी मोहरीच्या डाव्या बरगड्यांवर, खोगिराच्या पट्ट्याला लागून तळहात ठेवला, जिथे घोड्याचे ठोके हाताला लागतात. ठोके संथ होते. मग त्यांनी रिमोट बंद केला.

“काय सांगितलंस तू हिला?” त्यांनी हळूच विचारलं.

“अजून काहीच न्हाई, मॅडम,” जुई म्हणाली. “आता सांगू का?”