कणकेची वाटी

पखवाज वाजवायला हात लागतात दोन आणि कणीक लागते मूठभर. हात आपले असतात. कणीक मात्र ज्या गावात जावं त्या गावाची. डाव्या अंगाच्या धुमेवर ओल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय पखवाजाला खर्ज येत नाही, आणि तो गोळा सप्ताहाच्या यजमानाच्या घरून यायचा, अशी रीत. निता राठोडचा निम्मा जीव या कणकेनंच खाल्ला होता. कुठं ती पातळ, कुठं दगडासारखी. एका गावात तर एका माउलीनं मायेनं तेल, मीठ, ओवा सगळं घालून आणली होती. तिला वाटलं, पोरीला पुऱ्या करायच्यात.

निता डोंगरकड्याच्या बाजूच्या तांड्यावरची. बाप खेमा शेती करायचा, आई भिकाबाई रोज सेवालाल महाराजांपुढं दिवा लावायची. आणि पोरगी गळ्यात तुळशीची माळ घालून गावोगाव काल्याच्या कीर्तनांना साथ करत हिंडायची. शिकली ती नरसीच्या संतराम बुवांकडे. "पोरीचं काम न्हाई हे," म्हणून बुवा पहिल्या दिवशी हसले होते. तिचा डावा हात धुमेवर पडला आणि बुवांचं हसू तिथंच थांबलं. मधल्या काळात तिनं बी.एस्सी. पण करून टाकलं. देवावर तिचा पुरा भरवसा होता, भुताखेतांवर काडीचा नव्हता. भूत असतं तर एवढ्या सप्ताहांत एकदा तरी पंगतीला बसलं असतं, असं ती म्हणायची.

भाऊ रणजीत तिला मोटरसायकलवर न्यायचा. पुढं रणजीत, मागं निता आणि दोघांच्या मधे गवसणी घातलेला पखवाज, तिसऱ्या सवारीसारखा ऐसपैस बसलेला.

त्या चैत्रात तिच्या हाती तीन काले होते. गोरेगाव, डोंगरकडा आणि शेवटी नरसी. नरसीच्या काल्याचे ती दिवस मोजत होती, कारण तिथं साथीपेक्षाही मोठी एक गोष्ट ठरायची होती. गोरेगावचा कुलदीप पवार, साऊंडवाला. सप्ताहात पखवाजापुढं माईक लावता लावता याचा जीव तिच्यात अडकला होता, आणि लपवायचं कशाला, तिचाही त्याच्यात. तिच्या घरचेही राजी होते. अडून बसली होती त्याची आई, जनकाबाई. सून पखवाज घेऊन दहा गावं हिंडणार हे तिला पटत नव्हतं. लग्न झालं की वाजवणं बंद, असं तिचं म्हणणं. "वाजवणं सोडलं तर मी मीच राहत न्हाई," असं निता कुलदीपला म्हणाली होती. "नरसीच्या काल्यापर्यंत तुझ्या आईचं काय ते सांग. न्हाई तर तुझी वाट निराळी, माझी निराळी."

गोरेगावला दोघं पोचली तेव्हा सकाळचं ऊन अंगणांत उतरलं होतं. शिजवलेली हळद जिथं तिथं वाळत पडलेली, साऱ्या गावाला तिचा वास. निताने मंडपात पखवाजाची गवसणी काढली, बैठक घातली आणि कणकेचा निरोप धाडायला वळली, तर डाव्या हाताला एक वाटी. वर ओलं फडकं, फडक्याखाली कणीक.

वाटी स्टीलची, पण फार जुनी. घासून घासून कड पातळ झालेली. कडेला एक पोचा. बाहेरून कडेखाली वाळक्या कणकेचा थर बसलेला. आतली कणीक मात्र अशी की निताने बोट लावलं आणि तिला हसूच आलं. तिनं ती धुमेवर थापली आणि थाप मारली. एरवी चारदा काढघाल करावी लागते. आज पहिल्या थापेला खर्ज मंडपभर घुमला. मिक्सरपाशी बसलेल्या कुलदीपनं मान वर केली.

"आज काय खाऊन आला ह्यो पखवाज?"

तेवढ्यात यजमानीणबाई रुख्मिणीबाई लगबगीनं ताट घेऊन आल्या. "घे माय, तुझी कणीक. उशीर झाला, चूल पेटून न्हाई राहिली आज."

"मावशी, मग ही कुनी दिली?"

त्यांनी वाटी उलटसुलट पाहिली. "आमची न्हाई. आमच्या आळीतबी असली वाटी न्हाई कुनाची."

कीर्तन रंगलं. धुमेवरची कणीक निताने रीतीप्रमाणे गायीला घातली आणि मालकीण सापडेपर्यंत वाटी रुख्मिणीबाईंच्या फळीवर ठेवली. परतताना रणजीत वाटभर फिदीफिदी हसत होता. "मालकीण कशाची? मालक म्हन. साऊंडवाल्यानं पहाटे उठून मळली असंल."

निताने फोन करून कुलदीपला विचारलंच. तो म्हणाला, "मला चहा नीट येत न्हाई, कणीक कुठली येते? पन कुनी इचारलं तर मीच मळली म्हून सांग." ती गालातल्या गालात हसत राहिली. मळली असेल यानंच, असं तिला मनातून वाटत होतं आणि ते वाटणं गोड होतं.

डोंगरकड्याला साऊंड दुसऱ्याचा होता. कुलदीप त्या दिवशी सेनगावला लग्नात. आणि पखवाजाच्या डाव्या अंगाला, ओल्या फडक्याखाली, तीच वाटी.

सारख्या वाट्या बाजारात ढिगानं मिळतात, हे निता स्वतःला बजावून सांगत होती. पण कडेचा पोचा तोच, वाळका थर तोच. तिनं रुख्मिणीबाईंना फोन लावला. "हितंच तर ठेवली व्हती फळीवर," त्या म्हणाल्या. "आता दिसून न्हाई राहिली. मांजरानं पाडली का काय."

निताने फडकं पूर्ण काढलं. कणकेच्या गोळ्याच्या मधोमध अंगठ्याचा ठसा होता. कणीक मळून झाली की मधे डावा अंगठा दाबून पाहायची तिचीही सवय होती. ती तिला कुणी शिकवलेली नव्हती. ठशात एक तिरकी रेघ उमटली होती. लहानपणी गवत कापताना विळा लागला होता, तेव्हापासून निताच्या डाव्या अंगठ्यावर तशीच तिरकी रेघ होती.

तिनं आपला अंगठा ठशात ठेवला. रेघेला रेघ जुळली. फक्त ठसा जरा पसरट होता, आणि त्यातल्या सुरकुत्या खोल होत्या.

खरं तर तिला भ्यायला हवं होतं. पण ती कणीक थापून तिनं हात टाकला आणि भीती कुठल्या कुठं गेली. असं तिनं कधी वाजवलंच नव्हतं. टाळकऱ्यांचे पाय जमिनीवर ठरेनात, म्हातारे फुगड्या घालायला उठले, महाराजांनी दोनदा आपला फेटा सावरला. आपल्यावर जीव असणारं कुणीतरी आपल्याआधी येऊन कणीक मळून जातंय, एवढंच तिला कळलं. विठ्ठलानं कुणाकुणाच्या घरची कामं केल्याचं आपण ऐकतोच की. तिनं हात जोडले आणि प्रश्न तिथंच ठेवला.

नरसीचा काला म्हणजे जत्राच. देवळाच्या वाटेवर खेळण्यांची, बत्ताशांची, भांड्यांची दुकानं लागलेली. भांड्यांवर नाव कोरायच्या यंत्राची टिरटिर मंडपापर्यंत ऐकू येत होती. भिकाबाई नवा फेटिया-घागरा नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बायकांच्या गर्दीत जनकाबाईही दिसल्या, तोंड घट्ट मिटून. मिक्सरमागून कुलदीपनं खांदे उडवले. म्हणजे अजून काही कळलेलं नव्हतं.

वाटी होतीच. निताने ती पाहिली आणि ओळखीचं कुणी भेटावं तशी हसली.

संतराम बुवा टाळ घेऊन शेजारी येऊन बसले. त्यांनी कणकेकडं पाहून मान डोलावली. "बरी मळलीस. तुझा हात मला आंधारातबी कळंल."

"मी न्हाई मळली, बुवा."

बुवांनी तिच्याकडं पाहिलं, मग पुन्हा वाटीकडं. आणि ते टाळांच्या दोऱ्या आवळत बसले.

निताने कणीक थापली. महाराज यायला अवकाश होता. हाताला चाळा म्हणून ती वाटीच्या कडेखालचा वाळका थर नखानं खरवडू लागली. एक खपली निघाली. खाली ठिपक्याठिपक्यांचं अक्षर होतं.

तिनं पुढं खरवडलं.

"कुलदीप बाबूसिंग पवार."

तिला वाटलं, चोर सापडला! इतका आनंद झाला की ती मोठ्यानं हाक मारणार होती. पण ही अक्षरं झिजलेली होती, वर्षानुवर्षं घासलेल्या भांड्यावर असतात तशी. नावाच्या पुढंमागं आणखी काही होतं, दुसऱ्या हाताचं, मागाहून कोरलेलं. तिनं उरलेला थर काढला.

नावाच्या आधी "कै."

नावानंतर "यांच्या स्मरणार्थ. मृदंगसेवा, निता पवार. सन २०". तिथं तो पोचा होता. पोच्यावरून कोरणाऱ्याची सुई घसरली होती. पुढचे दोन आकडे लागत नव्हते.

तिनं वाटी सतरंजीवर ठेवली. महाराज उभे राहिले, टाळ वाजले आणि तिचे हात आपोआप पखवाजावर गेले.

मिक्सरमागं कुलदीप हसत होता, मान डोलावत होता, जिवंत, घामानं सदरा भिजलेला. ही कणीक कुणाच्या हातची ते आता तिला कळलं होतं. कुठल्या तरी पुढच्या सालची एक म्हातारी होती ती. पखवाज अजून वाजवणारी. घरात एकटी.

नको म्हणायचं, असं तिनं वाजवता वाजवता ठरवलं. आपण त्याच्या घरात गेलोच नाही, तर ही वाटी कुणी कोरणार नाही. त्याच्या वाट्याला ते यायचं नाही. बी.एस्सी.चं गणित होतं, सरळ. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि लोकांना वाटत होतं, पोरगी भजनात रंगली.

हंडी फुटली. दही-लाह्या उडाल्या. गुलालात सारं नरसी नाहून निघालं.

गर्दी कापत जनकाबाई आल्या. तोंड आता मिटलेलं नव्हतं. त्यांनी प्रसादाचा घास निताच्या तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी तिची दृष्ट काढली.

"आजवर तुला वाजवताना पाह्यलंच न्हवतं, बाई," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. काहून सोडावं हे? न्हाई सोडायचं. माझ्या घरातून वाजवत जायचं." मग पदराआडून त्यांनी एक वाटी काढली. कोरी, लखलखीत. "आत्ता घेतली दुकानातून. माझ्या सुनंनं गावोगाव कणकंसाठी दुसऱ्याची वाटी काहून घ्यावी? येशील ना?"

निताने नको म्हणायला तोंड उघडलं. समोर कुलदीप उभा होता, केसांत गुलाल, कानापर्यंत हसू.

"व्हय," तिच्या तोंडून गेलं. आणि तो व्हय खरा होता, जन्मात म्हटला नव्हता इतका.

भिकाबाई रडायला लागल्या, रणजीत शिट्ट्या मारायला लागला. निताने नवी वाटी हातात घेतली आणि जुनी शोधायला वळली. सतरंजीवर एक ओलं वर्तुळ होतं. वाटी नव्हती.

वळताना मांडीवरची पखवाजाची हातोडी निसटली आणि नव्या वाटीच्या कडेवर आदळली. टण्ण.

"पहिल्याच दिवशी पोचा!" कुलदीप खदखदा हसला. "आन इकडं. नाव टाकून आनतो, न्हाई तर पंगतीत हरवंल."

"कुलदीप, नको. ऐक माझं—"

तो गर्दीत शिरलाही होता. यंत्राची टिरटिर थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. तो आला तेव्हा वाटी दोन्ही हातांत धरून आला.

"माझंच टाकलं," तो म्हणाला. "आन बघ, नावाच्या आधी जागा सोडाया लावली. लग्नात तिथं चि. टाकून घेऊ."

निताने डावा अंगठा त्या मोकळ्या जागेवर ठेवला. बरोबर एका अक्षराची जागा होती.