मोठे दोन, लहान दोन

ती त्या ऑफिसात शिरली ती नळासाठी. सहलीसाठी नव्हे.

पण समोरच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला ते कसं कळणार? हातात बर्फाचा डबा, खांद्याला जडशी पिशवी, केसांवर पावसाचे चार थेंब आणि चेहऱ्यावर आठवडाभराचा थकवा. परदेशी निघालेली गिऱ्हाइकं साधारण अशीच आत येतात. तो लगबगीनं उठला, खुर्ची पुढे सरकवली आणि अगदी मनापासून विचारलं, "कुठं जायचंय?"

"नळाकडे," ती म्हणाली.

काउंटरवरच्या मावशींना हसू आवरेना. तोही हसला, पण जरा उशिरानं, कानाच्या पाळ्या लाल झाल्यावर.

इमारतीतल्या लोकांनी पाण्याला वास येतो म्हणून तक्रार केली होती आणि ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून नमुना न्यायला आली होती. नमुना घ्यायचा तर आधी नळ तीन मिनिटं सोडून ठेवावा लागतो. तिनं घड्याळ लावलं. तो शेजारीच उभा राहिला. दोन अनोळखी माणसांनी वाहत्या नळाकडे बघत तीन मिनिटं काढायची हे काही सोपं काम नाही. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवलं. एक तळं, मागे डोंगर, आणि डोंगरभर पिवळी झाडं. लोक तिथं उन्हाळ्यात मुंग्यांसारखे जातात, तो सांगत होता, पण जायचं ते पानगळीत. ऑफ सीझनला. निम्म्या बोटी बंद, निम्मी दुकानं बंद, आणि तळं अख्खं आपलं. पानं अशी पिवळी होतात की...

"होत नाहीत," ती म्हणाली. "पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो. हिरवा निघून गेला की दिसायला लागतो, इतकंच."

"म्हणजे इतके दिवस लपून बसलेला असतो?"

"लपून नाही. झाकलेला."

त्यानं चित्राकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं ते उलटं टांगलेलं होतं.

तिनं दोन बाटल्या भरल्या. दोन कशाला, त्यानं विचारलं. एक तपासायला आणि एक राखीव, तिनं सांगितलं. अहवाल कुणाला पटला नाही तर राखीव बाटली उघडायची. तीस दिवस थंडीत ठेवतो.

"आणि तीस दिवसांत कुणी आलंच नाही तर?"

"ओतून देतो. बहुतेक कुणी येत नाही."

"अरेरे," तो म्हणाला. हे त्यानं इतक्या कळवळ्यानं म्हटलं, की तिला हसू आलं. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की कामाच्या वेळात आपण फार दिवसांनी हसलो.

अहवाल खरं तर टपालानं जातो. तो तिनं स्वतः नेऊन दिला. जाता जाता रस्त्यातच पडतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते ऑफिस तिच्या रस्त्यात नव्हतं. पाणी चांगलं आहे, टाकीच्या झाकणाचं रबर सडलंय, एवढं सांगून निघायचं, तर ती म्हणाली, "मला तिथं जायचंय. त्या तळ्याकाठी. मुलांना घेऊन."

बोलून गेल्यावर तीच चकित झाली. मग नेहमीप्रमाणे तिनं माहिती सरळ मांडली. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा. उन्हाळ्यात प्रयोगशाळेत नमुन्यांचा ढीग पडतो, मुलांच्या सुट्टीत तिला सुट्टी मिळत नाही. मिळाली तर पानगळीच्या दिवसांतच. नवरा चार वर्षांपूर्वी आजारपणात गेला. त्यानंतर तिघं कुठंही गेलेली नाहीत.

अशा वेळी लोक जे बोलतात ते ऐकायची तिनं तयारी ठेवली होती. तो म्हणाला, "मुलांना गाडी लागते का?"

तिथून पुढे आठवड्याला एक संध्याकाळ ठरूनच गेली. मुलांची शाळा सुटली की ती दोघांना घेऊन थेट तिकडे. मुलीला घरात ताई म्हणायचे, कारण ती जन्मापासून ताईच होती. मुलगा सतत काहीतरी गुणगुणायचा म्हणून भुंगा. सहलीची आखणी त्यांनी इतकी मनावर घेतली, की बाकी अभ्यासाला सुट्टीच मिळाली. तो जुन्या कागदांच्या पाठीवर पेन्सिलीनं नकाशे काढायचा. तळ्याला मासा, स्टेशनाला घड्याळ, भुंग्याला जिथं उलटी होण्याचा संभव तिथं एक छोटीशी बादली. दोन भेटींत त्याचा नकाशेकाका झाला.

आणि काम मात्र तो नेटकं करायचा. वळणाचा रस्ता टाळून आगगाडी घेतली. ऑफ सीझनला हॉटेलातलं स्वयंपाकघर बंद असतं, म्हणून चूल असलेली खोली शोधली. अंधार लवकर पडतो, तेव्हा सगळं पाचच्या आत. मुलांच्या रजेसाठी मुख्याध्यापिकेला द्यायचं पत्रसुद्धा त्यानंच लिहिलं. त्या पत्रात तिला तीन चुका सापडल्या. तिनं त्या दाखवल्यावर तो खूशच झाला.

"तुम्हाला चूक नाही सापडली तर काय होतं?" त्यानं एकदा विचारलं.

"चुकल्यासारखं वाटतं."

"मग मी अधूनमधून घालत जाईन. तुमच्यासाठी."

ती खाली मान घालून यादी वाचत राहिली. त्या ओळीत काय लिहिलं होतं, ते तिला पुन्हा वाचावं लागलं.

त्याला त्या गावातल्या प्रत्येक खिडकीतून काय दिसतं ते तोंडपाठ होतं. आपण कितीदा गेला आहात, असं तिनं विचारलं, तेव्हा मावशीच मध्ये बोलल्या, "हा? अर्ध्या गावाला धाडलंय त्यानं, स्वतः कधी वेस ओलांडली नाही."

"एकट्यासाठी तिथं खोलीच नसते," तो हसत म्हणाला. "सगळ्या दोघांच्या."

कार्यक्रमात सातव्या दिवसासमोर त्यानं एकच शब्द लिहिला होता, 'राखीव'. पाऊस लागला, कुणी दमलं, काही राहून गेलं, तर असावा एक दिवस हाताशी. "शब्द तुमचाच उचललाय," तो म्हणाला. "फक्त हा ओतून देऊ नका."

आणि मग तो शुक्रवार आला.

बाहेर झिमझिम चालली होती. मावशी चहा आणायला म्हणून गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. मुलं कोपऱ्यातला पृथ्वीगोल फिरवून बोट ठेवू तो देश, असा खेळ खेळत होती. त्यानं पक्का कार्यक्रम तिच्यापुढे ठेवला. या खेपेला स्वच्छ टाइप केलेला. स्वतः मात्र खुर्चीत न बसता खिडकीशी उभा राहिला. एकदा फोनकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, पुन्हा बाहेर.

तिनं पेन उघडलं. वाचताना पेन उघडायचं ही तिची सवय. पहिल्याच ओळीवर ती थांबली.

"इथं चूक झालीय."

"कुठं?"

"प्रवासी. मोठे दोन, लहान दोन, असं लिहिलंय."

"हो... ते..." तो खिडकीपासून दोन पावलं पुढे आला. "तिथं डोंगरावर जायला पाळणे आहेत. तारेवरचे. एका पाळण्यात दोघंच बसतात. आणि बारा वर्षांच्या आतलं मूल असेल तर शेजारी मोठं माणूस लागतंच. मुलं दोन, म्हणजे पाळणे दोन... म्हणजे मोठी माणसंही — दोन लागतील. म्हणून म्हटलं..."

म्हणून काय म्हटलं, ते त्यानं सांगितलं नाही.

तिला काही कळलंच नाही, असं म्हणावं तर ते खोटं ठरेल. पण एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे ती वीस वर्षं शिकत आणि शिकवत आली होती. शिवाय हातात पेन होतं आणि समोर चूक होती. चूक दिसली की तिचा हात आधी चालायचा, मन मागाहून यायचं.

"मग पाळणा काढून टाकू," ती म्हणाली.

तिनं 'दोन'वर एक रेघ मारली. वर 'एक' लिहिलं. शेजारी सही केली, तारीख घातली. खाली पाळण्याच्या ओळीवरही तसंच.

तो वाकून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "खोडतासुद्धा किती जपून."

ती सांगू लागली. सांगता येण्याजोगं काही मिळालं याचं तिला बरंच वाटलं. प्रयोगशाळेत चुकलेला आकडा पुसत नाहीत, गिरवून काळा करत नाहीत. एकच रेघ, सही आणि तारीख. खालचं वाचता आलं पाहिजे. आधी काय होतं, असं उद्या कुणी विचारलं तर?

"विचारतं कुणी?"

"अजून तरी नाही."

"बरं," तो म्हणाला. "मोठं एक. लहान दोन." आणि खुर्चीत बसून त्यानं आधीच टोकदार असलेल्या पेन्सिलीला पुन्हा टोक काढायला घेतलं.

कागद तिकिटांसाठी त्याच्याकडेच राहिला. निघताना भुंग्यानं त्याला टाळी दिली. जिन्यात मावशी भेटल्या, हातात चहा नव्हताच. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि वर गेल्या.

नंतरचे दिवस कागदपत्रांत गेले. फोन यायचे ते मावशींचे. तो कामात आहे, त्या म्हणायच्या. तिनंही खोदून विचारलं नाही. रात्री मुलांचे लोकरी कपडे मापून बघताना, सकाळी बसच्या रांगेत, ती मनाशी एक वाक्य जुळवत होती. तिकिटं आणायला जाईन तेव्हा सहज बोलून टाकीन... त्या पाळण्याचं काही करता येईल का? एवढंच. तो हुशार होता. त्याला तेवढं पुरलं असतं.

तिकिटं तयार झाल्याचा निरोप आला, त्या दिवशी तिनं मुलांना शेजारी ठेवलं आणि एकटीच गेली. त्याच्या खुर्चीत कुणी तरुण मुलगी बसली होती. भिंतीवरचं चित्र होतं. पेन्सिली नव्हत्या.

मावशींनी तिला बसवलं, पाणी दिलं. त्याची दुसऱ्या शहरातल्या शाखेवर बदली झाली होती. बरेच दिवस विचारत होते, हा टाळत होता. शेवटी साहेबांनी मुदत घातली, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांग.

"कुठला शुक्रवार?" तिनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"तुम्ही आला होतात तोच. पाच वाजेपर्यंत फोनला हात लावला नाही त्यानं. तुम्ही जिना उतरलात, मग उचलला." मावशींनी पदराशी चाळा केला. "मी मुद्दाम चहाला गेले होते हो. तेवढंच माझ्या हातात होतं."

मग त्यांनी उरलेलंही सांगितलं, कारण अर्धवट सांगण्यात दया नसते. तिकडे त्याची बहीण राहते. तिच्या ओळखीतली एक शिक्षिका आहे. चारपाच वेळा भेटलेत. जमलंय म्हणतात. हसरी आहे मुलगी, स्वभावाला गोड.

"चांगलं झालं," ती म्हणाली.

"नंबर देऊ त्याचा?"

तिनं तिकिटांबरोबर परत आलेला तो कागद पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "राहू दे. काही अडलं तर मागेन."

बाहेर आल्यावर तिनं दिवस मोजले. मोजल्याशिवाय तिला राहवेना. कागदावरच्या त्या तारखेपासून चौतीस. राखीव बाटलीची मुदत तीस.

सहल मात्र अगदी त्याच्या कागदाप्रमाणे झाली. आगगाडीत भुंग्याला काही झालं नाही. चूल असलेल्या खोलीत तिनं खिचडीसारखं काहीतरी केलं आणि मुलांनी ते चाटूनपुसून खाल्लं. खिडकीतून डाव्या हाताला देवळासारखं टोक दिसेल, असं त्यानं लिहिलं होतं. ते दिसलं. ताई दर सकाळी कार्यक्रम मोठ्यानं वाचायची. मुलं खिदळायची, तीही हसायची. रोज एकदा कुठलीतरी गोष्ट बघताना ती अर्धी वळायची, शेजारच्याला दाखवायला.

सातव्या दिवशी ताईनं वाचलं, "राखीव." खाली पेन्सिलीनं, त्याच्या नेहमीच्या अक्षरात, एक ओळ होती. ही त्यानं त्या शुक्रवारनंतर लिहिली असणार. 'ऊन असेल तर पाळण्याच्या पायथ्याशी जा. वर जाता आलं नाही तरी खालून पानं दिसतात.'

ऊन होतं. ती गेली.

पायथ्याशी लाल टोपी घातलेला म्हातारा माणूस होता. त्यानं मुलांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, तिच्या पाठीमागे कुणी येतंय का ते पाहिलं. मग फलकाकडे बोट करून दोन बोटं वर केली आणि ओशाळं हसला.

"नकाशेकाकांनी दोनच लिहिलं होतं," ताई म्हणाली. "तू खोडलंस."

"हो."

"मग आता परत लिही ना," भुंगा म्हणाला. "पेन आहे की तुझ्याकडे."

पेन होतं. तिनं ते पिशवीतून काढलंही. कागद गुडघ्यावर ठेवला. बघत राहिली, आणि टोपण न काढताच परत ठेवलं.

"आता नाही लिहिता येत, राजा. त्या कागदावरचं काम कधीच पुढे गेलं."

ताईनं कागद उचलून उन्हात धरला. "पण खालचं दोन अजून वाचता येतंय, आई."

"येणारच," ती म्हणाली. "म्हणून तर एकच रेघ मारतात."

तिघं तिथल्या बाकावर बसली. वर डोंगरभर पिवळं पिवळं झालं होतं. ऑफ सीझन होता, वर जायला दुसरं कुणी नव्हतं, तरी तार चालूच होती. भुंगा गुणगुणत मोजू लागला, एक रिकामा, दोन रिकामे... एकामागून एक पाळणे वर जात राहिले, सगळे दोघादोघांचे.