शांत बसा, मोजणी चालू आहे

हेमलतानं काचेच्या खोलीत पाऊल टाकलं आणि खाडकन एक टाळी वाजवली.

सोफ्यामागे वाकून वायरी जोडणारा एक तरुण दचकून उभा राहिला. उठताना त्याचं डोकं स्पीकरच्या स्टँडवर आपटलं.

"बोलवायचंच होतं तर बाहेर बेल आहे हो..." तो डोकं चोळत म्हणाला.

"तुम्हाला नव्हते बोलवत," हेमलता ओशाळली. "खोली किती घुमते ते बघत होते. फार लागलं का?"

"लागलं होतं." त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग हळूच हसला. "आता नाही."

जळगावात नवी पेठेतलं हे दुकान ज्ञानचंद शेठचं. खाली फ्रीज, कूलर, मिक्सर. वर ही काचेची खोली, शेठच्या मुलाच्या हौसेची. तो मुलगा म्हणजे हाच तरुण, नाव संयम. नाव अगदी शोभायचं त्याला. गिऱ्हाईक कितीही वेळ ऐकत बसो, हा कंटाळायचा नाही.

"बहुतेक जण आल्या आल्या सगळ्यात मोठा आवाज लावायला सांगतात," तो म्हणाला. "खोलीची चौकशी करणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"माझं कामच ते. कान तपासते मी." समोरच्या गल्लीतल्या कानाच्या दवाखान्यात ती ऑडिऑलॉजिस्ट होती. राहायची जळगावात, पण जीव धुळ्यात, देवपूरच्या घरी. "वडिलांसाठी होम थिएटर घ्यायचंय. पण मला गोंगाट नकोय. मला बोलणं हवंय."

"बोलणं?" संयमच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "मग बसा. बोलू या."

ती हसू दाबत बसली.

तिनं सांगितलं. नाना, म्हणजे तिचे वडील जीवराम, धुळ्याच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. साक्री, दहिवेल, नवापूर... त्यांच्या घोषणेनं अख्खा स्टँड भरून जायचा. रिटायर झाल्यावर एका आजारपणात उजवा कान पूर्ण गेला. डावा चांगला आहे. पण सिनेमा लावला की संवाद भिंतींवर आपटून त्यांच्यापर्यंत नुसता कालवा पोचतो. सिनेमा म्हणजे नानांचा प्राण! आता सगळे हसले की ते एकेकाच्या तोंडाकडे बघतात, आणि मग हसतात. हल्ली तर उठून मागच्या खोलीतच जाऊन बसतात.

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज किंचित हलला. संयमनं मान खाली घातली. मग त्यानं दोन काळ्या पेट्या दाखवल्या.

"हे दोन रिसिव्हर. हा मोठा, नऊ स्पीकर चालवतो. दिसायला रुबाबदार. हा लहान, पाच-सात चालवतो. पण खोली ओळखायची अक्कल याला जास्त आहे. डोळे मिटा."

"का?"

"डोळे उघडे असले की माणूस मोठ्या पेटीच्या प्रेमात पडतो."

तिनं डोळे मिटले. कुठल्याशा सिनेमातला पावसातला प्रसंग सुरू झाला. धो धो पाणी, आणि त्यात दोन माणसं काहीतरी बोलतायत, पण काय ते कळत नाही. मग एक बारीक क्लिक. पाऊस तोच, तेवढाच. पण बोलणारी माणसं जणू त्या पावसातून चालत पुढे आली आणि तिच्या समोर येऊन उभी राहिली.

तिनं डोळे उघडले. संयम पडद्याकडे नाही, तिच्याकडेच बघत होता. दोघांनीही घाईघाईनं नजर वळवली.

"याला रूम करेक्शन म्हणतात," तो रिमोटशी चाळा करत म्हणाला. "आपण बसतो तिथे माइक ठेवायचा. रिसिव्हर प्रत्येक स्पीकरमधून शीळ घालतो आणि खोलीत तिचं काय होतं ते ऐकतो. कुठे घुमतं, कुठे दबतं. मग त्याप्रमाणे तो स्वतःला बदलतो. खोली नाही बदलत. स्वतः बदलतो."

"अगंबाई!" हेमलता म्हणाली. "नवऱ्यांमध्ये येतं का हो असलं मॉडेल?"

"येतं," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "पण फार कमी दुकानांत. आमच्याकडे एकच पीस आहे."

तिचे कान तापले. विषय बदलायचा म्हणून तिनं भराभरा प्रश्न विचारले. मोठा रिसिव्हर एकाच जागेवरून मोजत होता. लहान पाच-सहा जागांवरून मोजायचा, आणि मधल्या स्पीकरचा, म्हणजे संवादांचा आवाज वेगळा उचलून देता यायचा. तिनं लहान निवडला. संयमला नऊ स्पीकरांचा विकता आला असता, पण त्यानं एकदाही आग्रह केला नाही.

"जोडून मी स्वतः देणार," तो म्हणाला. "पण आधी खोली बघायला येईन."

"मुलगी बघायला आल्यासारखे?"

तो लाजला. चक्क लाजला! हेमलता जिना उतरून रस्त्यावर आली तरी एकटीच हसत होती.

•

रविवारी सकाळी संयम एरंडोल, पारोळा करत गाडी घेऊन देवपूरला हजर झाला. थंडी छान पडली होती. गच्चीवर हरभऱ्याची भाजी वाळत होती. दारात हेमलताची आई बेबाबाई उभी. बेबाबाईंचं बोलणं म्हणजे उघडा नळ.

"या, या! चहा घ्या. आधी जेवाले बसतस का? शेवभाजी करेल शे, भरीत शे..."

"मावशी, आम्ही मारवाडी जैन. मी कांदा-लसूण नाही खात. वांगंही नाही."

बेबाबाईंनी गालावर बोट ठेवलं. "कांदा नई खास? मंग जगस कसा हाऊ पोऱ्या?"

"आई!" हेमलता आतून ओरडली.

संयमला हसू आवरेना. त्यानं खोली बघितली. खाली गुळगुळीत फरशी, भिंती उघड्या. त्यानं स्वतः टाळी वाजवली आणि हेमलताकडे बघून भुवया उडवल्या. "ही तर बस स्टँडपेक्षा जास्त घुमते. हे एकट्या मशीनच्यानं होणार नाही. जाड पडदा लावू, खाली सतरंजी टाकू."

दोघांनी मिळून पलंगपेटीतल्या सतरंज्या काढल्या. झटकताना त्याच्या केसांवर धूळ बसली. ती सांगणार होती... पण ते रूप तिला इतकं गोड वाटलं, की तिनं सांगितलंच नाही.

नाना दारातून हे सगळं बघत होते. आत काही येत नव्हते.

स्पीकर लागले. संयमनं माइक तिवईवर चढवला आणि सोफ्याच्या बरोबर मध्यावर ठेवला. "पहिली मोजणी मधल्या जागेची. मग बाकीच्या."

"तिथे नको," हेमलता म्हणाली.

"अहो, मधली जागाच मुख्य धरायची असते."

तिनं तिवई उचलली आणि खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीपाशी नेली. खुर्ची नानांची होती. ती तिनं थोडी वळवली, डावा कान पडद्याकडे येईल अशी. "आमच्या घरातली मधली जागा कोपऱ्यात आहे," ती म्हणाली.

संयम तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं निमूटपणे मधला स्पीकरसुद्धा त्या खुर्चीच्या रोखानं कलता केला.

"आता कुणी बोलायचं नाही. हलायचंसुद्धा नाही. मोजणी चालू."

सूंऽऽऽ... खोल विहिरीतून निघालेली एक शीळ वर वर चढत पाखराच्या चोचीपर्यंत गेली.

"काय व्हयनं?" स्वयंपाकघरातून बेबाबाई.

"मावशी, बोलू नका ना!"

"मन्हाच घरमा मी बोलानं नई का?"

मोजणी पुन्हा सुरू. आता कुकरनं शिट्टी दिली. पुन्हा सुरू. गल्लीत भंगारवाला. पुन्हा. या वेळी बेबाबाईंनी तोंडाला पदर लावला, गॅस बंद केला आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. सगळं घर गप्प झालं.

माइकच्या एका बाजूला हेमलता, दुसऱ्या बाजूला संयम. मधे हातभर अंतर. हलायचं नाही, बोलायचं नाही. मग बघण्याशिवाय करायचं काय? ती आधी त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत होती. मग हनुवटीकडे. मग... त्याचे डोळे तिथेच होते, वाट बघत. शीळ चढत गेली. तिला वाटलं, आपल्या छातीतली धडधड त्या माइकला नक्की ऐकू जात असणार. हे यंत्र आता सगळं गणित चुकवणार!

"झालं," संयम पुटपुटला. तरीही कुणी हललं नाही.

"झालं नं मंग? जेवाले बसा!" बेबाबाईंचा नळ सुटला.

त्यांनी त्याच्यासाठी वेगळं काढलं होतं, वरण आणि बट्टी, वर तुपाची धार. संयमनं पहिला घास घेतला. "मावशी, ही तर आमच्या घरची बाटी!"

"तुमनी कसानी? आमनी शे," बेबाबाई ठसक्यात म्हणाल्या आणि त्याला आणखी दोन वाढल्या.

जेवणं झाल्यावर हेमलतानं नानांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. जुना विनोदी सिनेमा लावला. नाना आधी अवघडून बसले होते. पडद्यावर भांडखोर सासरा आणि जावई. सासऱ्यानं काहीतरी तिरकस म्हटलं...

आणि नाना हसले. खदखदून. खोलीत अजून कुणीच हसलं नव्हतं. ते कुणाच्याही तोंडाकडे बघत नव्हते.

"माले बठ्ठं समजनं!" ते म्हणाले. सगळं, शब्द न् शब्द समजला होता त्यांना.

बेबाबाईंनी पदर पुन्हा तोंडाशी नेला, पण या वेळी गप्प राहण्यासाठी नाही. हेमलता स्वयंपाकघरात पळाली. मागोमाग संयम पाण्याचा तांब्या घेऊन आला.

"रडताय?"

"नाही हो..." तिनं डोळे पुसले. "तुमच्या केसांत धूळ आहे. सकाळपासून."

"मग सांगितलं का नाही?"

"...विसरले."

•

त्यानंतर संयम धुळ्याला येतच राहिला. कधी सॉफ्टवेअरचं अपडेट, कधी सबवूफरची जागा, कधी नुसतंच "इकडे दोंडाईचाला आलो होतो." आला की नाना त्याला शेजारी बसवून सिनेमा लावायचे. रविवारी हेमलताही असायचीच. पण मोजणीच्या वेळी जे डोळ्यांनी झालं, ते दोघांच्याही ओठांवर येत नव्हतं. एकदा तो गेल्यावर नाना शांतपणे म्हणाले, "मशीन बेस शे, काहीच बिघाड नई. हाऊ पोऱ्या बिघडेल शे."

हेमलतानं ऐकलं न ऐकलंसं केलं.

मग एका दुपारी संयम दवाखान्यात आला. बरोबर आजी, गुलाबबाई. बोळक्या तोंडाची, टपोऱ्या डोळ्यांची, आणि ठार बहिरी नव्हे पण बरीचशी. हेमलतानं तपासलं, श्रवणयंत्र लावून दिलं. "जरा वेळ बसून बघा आजी, कसं वाटतं ते."

"चांगलं वाटतंय," गुलाबबाई सवयीनं ओरडूनच म्हणाल्या. "रविवारी कामाला येईल. इंदूरचे पाहुणे येणार आहेत संयमला बघायला."

हेमलताचा हात टेबलावरच थांबला. संयम पांढराफटक. "आजी..."

"याचेही कान बघ बाई. घरात काही सांगितलं तर ऐकतच नाही हा."

हेमलतानं त्याच्याकडे न बघता कान तपासायच्या काचेच्या बंद खोलीचं दार उघडलं. "बसा. हेडफोन लावा. मी शब्द म्हणेन, तोच तुम्ही परत म्हणायचा. दुसरं काही बोलायचं नाही." तिचा आवाज इस्त्री केल्यासारखा कडक होता.

ती माइकसमोर बसली. काचेपलीकडे तो. त्याचा आवाज तिच्या टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून येत होता.

"पाणी."

"पाणी."

"खिडकी."

"खिडकी."

"इंदूर."

काही नाही.

"ऐकू नाही आलं?"

"आलं," तो काचेतून थेट तिच्याकडे बघत म्हणाला. "पण तो शब्द मला म्हणायचा नाही. पाहुण्यांचं मला काल कळलं. पप्पांना मी नाही म्हणालो. कारण विचारलं त्यांनी. म्हटलं, आधी जिला सांगायला हवं तिला सांगतो. म्हणून आलो... आजीचे कान तर कित्येक वर्षं असेच आहेत."

हेमलतानं शब्दांची यादी बाजूला सारली. "संयम... आमच्या घरात कांद्याशिवाय पान हलत नाही."

"बट्टीला कांदा लागत नाही."

"मी एकुलती एक आहे. दर रविवारी धुळ्याला जाते. लग्नानंतरही जाणार."

"मग? मीही जातोच की."

"चेष्टा नको ना..."

"चेष्टा नाही." त्यानं हेडफोन कानांवर घट्ट दाबले, जणू तिचा एक श्वासही निसटू नये. "हेमलता, माझ्याशी लग्न करशील?"

ती माइकवर वाकली.

"हो," ती म्हणाली.

काचेपलीकडे संयमचा चेहरा फुलून आला. तपासणीचा नियम त्यानं पाळला.

"हो," तो म्हणाला.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हेमलता दचकून वळली. गुलाबबाई! कानात नवं मशीन, आणि स्पीकरपासून जेमतेम दोन हातांवर. सगळं, अगदी सगळं ऐकलेल्या. त्यांनी कमरेचा फोन काढला, मुलाला लावला आणि दवाखानाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ज्ञानचंद, इंदूरवाल्यांना येऊ नका म्हणून सांग. आणि रविवारी गाडी मोकळी ठेव, आपल्याला धुळ्याला जायचंय... मुलगी बघायला नाही रे, ती बघितली मी! मागणी घालायला."