पाणाड्याची साक्ष

धरणगावच्या त्या शिवारात त्या वर्षी ऊन असं, की म्हशी दूध द्यायच्याच नाहीत, थेट बासुंदी द्यायच्या. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा. अशा उन्हात सारिका कोरड्या बोअरचं चित्रीकरण करत होती. कॅमेऱ्याच्या चौकटीत एक अनवाणी तरुण शिरला. तळहातावर आडवा नारळ, डोळे अर्धे मिटलेले... तिच्यापुढे येताच नारळ टुणकन उभा राहिला.

"आठे पाणी शे," तो म्हणाला.

"इथे मी आहे, भाऊ."

त्याने डोळे उघडले आणि तो कानापर्यंत लाल झाला. "भाऊ नका म्हणू... किरण म्हणा."

किरण पाणाड्या, नारळ धरून जमिनीखालचं पाणी दाखवणारा. त्याने आणि त्याच्या बापाने दाखवलेल्या जागी गावाने इतकी भोकं पाडली होती, की एकदा मशीन आठशे फुटांवर गेलं तेव्हा खालून कुणीतरी 'कोण आहे?' असं विचारलं म्हणे. पाणी मात्र वर आलं नाही.

धुळ्याची सारिका बारा वर्षं आटत्या नद्यांवर माहितीपट काढत होती आणि तेच घेऊन कचेऱ्यांमधून भांडत होती. तिला ढाली मिळाल्या, नद्यांना काही मिळालं नाही. या वेळी तिला एकच हवं होतं – गावच्या पिण्याच्या विहिरीभोवती नवी बोअर नको. ग्रामसभा पंधरा दिवसांवर होती.

किरण रोज तिच्या कॅमेऱ्याची तिपाई उचलायला येऊ लागला. पारावरून झुलालनाना विचारायचे, नारळ सोडून हे कधी धरलं रे? तो नुसता हसायचा. आईच्या हातची कळण्याची भाकरी आणायचा. ठेच्याने सारिकाच्या डोळ्यांना धार लागली, की उगाच दुसरीकडे बघायचा...

एका दुपारी तिने विचारलंच. गाव तिचं ऐकणार नव्हतं, त्याचं ऐकलं असतं. खाली काही उरलं नाही, एवढं त्याने कॅमेऱ्यासमोर सांगायचं. विचारलं, आणि लगेच तीच मागे सरली.

"नको... राहू दे. तुझं काम जाईल."

"जाईलच. लावा कॅमेरा."

त्याने सांगितलं. शेवटच्या वीस जागांपैकी सतरा कोरड्या; आशेने आलेल्या माणसाला नाही म्हणवत नसे. "नारळ हलायचा का मी हलवायचो... माले बी माहीत नही."

ग्रामसभेत माहितीपट दाखवला. ठराव झाला. किरणच्या शेजारची माणसं तेवढी जरा सरकून बसली. पुढे त्याच्या दारी कुणी आलं नाही. महिन्याभरात त्याने सुरतेत कापडाच्या कारखान्यात काम धरलं.

स्टेशनवर सारिका म्हणाली, धुळ्याला चल.

"तिपाई उचलायला?"

"माझ्याबरोबर राहायला. मला... तू हवा आहेस, किरण."

तो रुळांकडे बघत राहिला. "आधी बोलल्या असत्या, तर वाटलं असतं साक्षीसाठी बोलताय. आता वाटतंय, कीव आली."

"दोन्ही नाही."

"माहितीये. पण मला रोज तसंच वाटेल..." गाडी आली. पायरीवर चढून तो म्हणाला, "मी तुमच्यासाठी बोललो होतो. गाव नंतर."

तो माहितीपट सारिका अजून एरंडोल-जामनेरकडे गावोगाव दाखवते. साक्ष देताना किरण कॅमेऱ्याकडे बघतच नाही. जरा बाजूला बघतो, जिथे ती उभी होती. तेवढा भाग आला, की ती खुर्चीतून उठते आणि पडद्यापुढे त्याच बाजूला जाऊन उभी राहते.

मागचे लोक म्हणतात, "ताई, बसा ना खाली, दिसत नाही."

ती बसत नाही.