बाबांचा बारावा शब्द

त्यानं माझी खुर्ची पळवली, तिथून हे सुरू झालं.

मी स्पीच थेरपिस्ट. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर माझी छोटीशी खोली. त्या दिवशी हात धुऊन परत आले, तर टेबलामागची खुर्ची गायब. बाहेर कॉरिडॉरमध्ये तिच्यावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते आणि शेजारी त्यांचा मुलगा उभा होता. बाहीवर लाकडाचा भुसा, चेहऱ्यावर अपराधी हसू.

“बाबांना उभं राहवेना… बाकं सगळी भरलेली. परत आणून ठेवणार होतो.”

“तोवर मी कशावर बसायचं?”

“सुतार आहे मी. थोडा वेळ दिलात तर नवीन करून देतो.”

हसू दाबायला मला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

बाबा टेलिफोन ऑपरेटर होते. पस्तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले आणि अर्धांगाच्या एका झटक्यात त्यांचे स्वतःचेच शब्द तुटले. कळायचं सगळं, पण तोंडातून काही येईना. आठवड्यातून दोनदा मुलगा त्यांना घेऊन येऊ लागला. मी चित्रं दाखवायची – चमचा, दार, मांजर – आणि बाबा घाम फुटेपर्यंत शब्द शोधायचे.

ते गेले की मी फोनवर नोंद करायची. माझं ते अ‍ॅप रोज सकाळी जुन्यातल्या तीन नोंदी आपणहून वर काढतं. कुठल्या पेशंटचं काय राहून गेलं ते लक्षात यावं, म्हणून घेतलेलं.

“माझ्याबद्दलही लिहिता का?” एकदा त्यानं विचारलं.

“नातेवाइकांची नोंद आम्ही ठेवत नाही.”

“मग… थोडं आजारी पडून बघतो.”

मी खोटं बोलले होते. ‘आज निळा शर्ट. बाबांची लाळ पुसली आणि तोच रुमाल नीट घडी घालून खिशात ठेवला.’ असलं काहीबाही मी वेगळ्या पानावर लिहीत होते. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते मात्र कुठल्याच पानावर नाही.

सहा महिन्यांत बाबांचे अकरा शब्द परत आले. मग एका दुपारी ते झोपेतच गेले.

मी भेटायला गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. तो एवढंच म्हणाला, “आलीस…” त्यानंतर दवाखान्यात यायला त्याला कारण उरलं नाही. दुःखातल्या माणसाच्या मागे लागू नये, असं मी स्वतःला समजावत राहिले. ‘बरा आहेस ना?’ ‘हो. तू?’ असे दोन-चार मेसेज झाले. मग तेही थांबले.

दहा महिने गेले. एका सकाळी चहा उकळत होता आणि अ‍ॅपनं बाबांच्या शेवटच्या भेटीची नोंद वर काढली.

‘चमच्याचं चित्र दाखवलं. पेशंट म्हणाले, “विचार”. दोनदा. चित्राकडे लक्ष नाही. आधी मुलाकडे, मग माझ्याकडे बघत होते. मुलगा बाटली भरायला दारापर्यंत गेलेला, ऐकलं नसावं. असंबद्ध शब्द. मोजला नाही.’

तेव्हा मला तो डोक्यातला विचार वाटला होता. बाबा मुलाला सांगत होते – विचार. तिला विचार.

गॅस बंद केला. नोंदीतली शेवटची दोन वाक्यं खोडून तिथं ‘बारावा शब्द’ असं लिहिलं आणि चहा तसाच टाकून निघाले.

त्याच्या सुतारकामाच्या कारखान्यात तो एका दाराला रंधा मारत होता. मी फोन त्याच्या हातात दिला. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं आणि फळ्यांच्या ढिगावर बसला.

“शेवटी काही बोलले का, हे मी सगळ्यांना विचारत फिरलो. तुला तेवढं विचारलं नाही.”

“का?”

“एकदा आलो होतो. तुझ्यासमोर कुणाचे तरी बाबा बसले होते… आत पाऊल टाकवेना.” त्यानं फोन परत माझ्या हातात दिला. “गेल्या महिन्यात माझं लग्न ठरलं. आत्याच्या ओळखीतली आहे. चांगली आहे गं. घरात बोलायला कुणी नव्हतं…”

मी दारावर पडलेल्या रंध्याच्या सालींकडे बघत राहिले.

“बाबांना जे दिसलं,” तो हळूच म्हणाला, “ते खरं होतं?”

“हो. तू विचारलं असतंस तर मी हो म्हणाले असते.”

त्यानं डोळे मिटले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तसा त्यानं तो दोन्ही हातांत घट्ट धरला. भुशानं खरखरीत झालेले, उबदार हात. मग मीच सोडवून घेतला.

“बाबांच्या सगळ्या नोंदी पाठवते तुला. आणि… तिच्याशी बोलत जा. मनात ठेवून बसू नकोस.”

“बोलेन.”

तो फाटकापर्यंत आला. बस येईपर्यंत आम्ही शेजारी शेजारी उभे होतो.

बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. दोन स्टॉप गेल्यावर शेजारच्या अनोळखी बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. मी ती घेतली.