गाडी बंद पडेपर्यंत

"गाडी ढकलून राह्यल्या काऊन, मॅडम?"

ज्योत्स्नानं वळून पाहिलं. सकाळच्या धुक्यातून एक मोटारसायकल तिच्या शेजारी येऊन थांबली होती. दोन्ही बाजूंना उंच सागवान, मध्ये ओला रस्ता... आणि गळ्याला मफलर गुंडाळलेला तो सावळा तरुण, डोळ्यांत उगाचच हसू घेऊन बसलेला.

"हौस आहे मले," ती फणकाऱ्यानं म्हणाली.

"मग ढकला. आलापल्ली फार लांब नाई. दुपारपर्यंत पोचसान."

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं.

"बसा वर," तो म्हणाला. "गिअर काढा, हँडल सरळ धरा. मी पाय लावतो."

त्यानं चालत्या गाडीवरून डावा पाय तिच्या मागच्या फूटरेस्टवर टेकवला, आणि तिची मुकी गाडी अलगद पुढे सरकू लागली. गार वारा, एकाच इंजिनाचा आवाज, आणि इतक्या जवळ एक अनोळखी माणूस... गप्प राहणं अवघडच होतं.

"नवी दिसते गाडी."

"नवीच तर आहे, भाऊ! पहिली सर्व्हिसिंग व्हायची आहे अजून, त्यासाठीच आलापल्लीले नेऊन राह्यली. धक्का बसला की बंद! मग थोड्या वेळानं आपली आपणच सुरू. काल वर्कशॉपमध्ये फोन केला तर एक जण म्हणते, 'मॅडम, तुम्हाले क्लच दाबता येत नसंल!' पाहूनच घेते आज त्याले."

मागचा पाय जरासा घसरला.

"असं म्हणाला तो?"

"हाव! लय शहाणा!"

वर्कशॉप आलं. दारात त्यानं तिची गाडी उभी करून दिली, आत गेला, आणि निळा शर्ट चढवून बाहेर आला. खिशावर नाव होतं — निकेश.

"मीच तो शहाणा," तो खाली बघत म्हणाला. "घ्या पाहून."

ज्योत्स्नाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "अरे बाप्पा!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"फोनवर बोललो ते चुकलंच माझं. आता पाह्यलं ना, गाडी किती सरळ धरता ते. चुकलो, मॅडम."

तो मस्करी करत नव्हता. तिचा राग कुठे गेला, तिलाच कळलं नाही.

ज्योत्स्ना वनरक्षक होती. नागभीडजवळच्या धानाच्या गावातली ही मुलगी इकडच्या जंगलात नेमणुकीवर आली, तेव्हा पहिले काही महिने संध्याकाळ तिला खायला उठायची. तेव्हाच तिनं नागभीडला बदली मागून ठेवली होती. मग स्वतःच्या पगारातून ही मोटारसायकल घेतली. स्कूटी घे, असं बाबांनी, म्हणजे गुणवंतरावांनी, परोपरीनं सांगितलं. पण नाल्यातून आणि दगडगोट्यांतून स्कूटी कुठून जाणार?

निकेशनं ऑइल बदललं, साखळी ताणली, किल्ली फिरवली... आणि गाडी बटण दाबताच सुरू झाली! पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू.

"तुम्हाले पाहून घाबरली वाटते," ज्योत्स्ना ओशाळून म्हणाली.

"वॉरंटीत पार्ट फुकट बदलून मिळते," तो म्हणाला, "पण बिघाड आमच्या माणसानं सोता पाह्यला पाहिजे. आत्ता तर सारं ठीक दाखवून राह्यली."

"अन् जंगलात एकटी असताना बंद पडली तर? मागच्या आठवड्यात वाघाचे पाय उमटले होते त्याच रस्त्यावर."

निकेशचा हात किल्लीवरच थांबला. काउंटरमागून मालक अल्ताफभाऊंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

"रविवारी सुट्टी असते याले," ते म्हणाले. "जाईल तुमच्या रस्त्यावर. बंद पडली की पाहील. काय रे?"

"जातो," निकेश म्हणाला. जरा घाईनंच.

आणि मग रविवार सुरू झाले.

ती गाडी चालवायची, तो मागे बसायचा — दोन्ही हातांनी मागची दांडी घट्ट धरून, मध्ये चांगली वीतभर जागा ठेवून. ती मुद्दाम खड्ड्यांतून गाडी घालायची. गाडी हाडं खिळखिळी करत धावायची. बंद मात्र पडायची नाही; पडायची ती मधल्या वारी, ज्योत्स्ना एकटी असताना.

"ऐकू येते का काई आवाज, भाऊ?"

"आवाज नाई. पण ते 'भाऊ' खटकून राह्यलं."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे मले एक. फुकटात मिळते."

तिनं पुढचा खड्डा जरा जास्तच जोरात घेतला.

नाल्याच्या काठावर थांबून ते डब्यातली भाकर खायचे. तो घुग्घुसचा. तिथे दोरीवरचा धुतलेला शर्टसुद्धा कोळशाच्या धुळीनं काळा होतो, हे तो हसत सांगायचा. "इथी आलो, अन् रात्री झोपताना पानांचा आवाज आला. मले वाटलं, कोणी बोलून राह्यलं." ती त्याला रानगव्याची वाट दाखवायची, नीलपंख पाखराची हाक ओळखायला शिकवायची. परत निघताना दोघंही म्हणायचे, "आजही नाई बंद पडली." आणि दोघांच्याही आवाजात तक्रार नसायची.

पळस पेटला, मोहाचा वास रस्त्यावर उतरला. अशाच एका रविवारी, एका साध्याशा चरीवरून उतरताना — गाडी गप्प झाली.

दोघंही तसेच बसून राहिले.

"पडली," ती हळूच म्हणाली.

"हो... पडली."

तो खाली उतरला, गुडघ्यावर बसला. साइड स्टँडजवळचा इवलासा स्विच त्यानं बोटानं हलवला, आणि गाडी सुरू झाली. स्टँड वर असतानाही, धक्का बसला की त्या स्विचला स्टँड खाली आहे असं वाटायचं, आणि तो इंजिन बंद करून टाकायचा. एवढंच होतं.

"बरं झालं, सापडलं," निकेश म्हणाला.

"हो. बरंच झालं."

त्या दिवशीची भाकर डब्यातच परत आली.

आठवडाभरात वॉरंटीतून नवा स्विच बसला. पुढच्या रविवारी ज्योत्स्ना क्वार्टरच्या पायरीवर उगाचच बसून राहिली. लांबून कुठलीही गाडी वाजली की मान वळायची. तो आला नाही. येणार तरी कशासाठी?

मग ऑफिसातून फोन आला. नागभीडची बदली मंजूर होत होती. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता.

ती वर्कशॉपवर गेली. "बदली होऊन राह्यली माझी," तिनं सांगितलं. "गाडी एकदा पाहून दे."

निकेशनं मान हलवली. त्यानं ब्रेक तपासले, चाकांत हवा भरली, आरसा पुसला. पुसलेला आरसा पुन्हा पुसला. शेवटी तिच्याकडे न पाहताच म्हणाला, "काळजी नका करू. वॉरंटी कुठीही चालते. नागभीडलेही सर्व्हिस सेंटर आहे आमचं. चांगले लोक आहेत."

"एवढंच सांगायचं होतं?"

त्यानं आरसा तिसऱ्यांदा पुसायला घेतला.

"निकेश..." तिनं पहिल्यांदाच नावानं हाक मारली. "गाडी बंद पडली त्या दिवशी तुले आनंद झाला होता का?"

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. "खोटं नाई बोलत," तो म्हणाला. "तुम्ही जंगलात एकट्या अडकू नये, म्हणून ती माझ्यासमोर एकदाची बंद पडावी, असं रोज वाटे. अन् रविवारी मागं बसलो की वाटे — आज नको. आजच्या दिवस नको." त्यानं फडकं हँडलवर टाकलं. "पण तुम्हाले घरी जायचं आहे. तुमची वाट अडवणारा मी कोण?"

काउंटरमागे अल्ताफभाऊंनी पंख्याचं बटण उगाचच बंद-चालू केलं आणि ते आतल्या खोलीत निघून गेले.

ज्योत्स्नानं फोन काढला. त्याच्यासमोरच लावला.

"बाबा? मी नागभीडले येऊन नाई राह्यली. नाई, बदली नको मले... हे जंगल आता माझं झालं, बाबा. माझ्या रस्त्यावरचं झाड न् झाड ओळखते मी." तिनं निकेशकडे पाहिलं. लाजत पुढे म्हणाली, "अन्... एक माणूस दाखवायचा होता तुम्हाले."

तिकडून बाबांचा आवाज आला.

"कोणता माणूस?"

"गाड्या दुरुस्त करते. मनानं चांगला आहे. खोटं बोलत नाई."

मग गुणवंतरावांनी घसा साफ केला. "वावरातला पंप बंद पडला आहे पंधरवड्यापासून. कोणाच्यानं होऊन नाई राह्यला. त्याले जमते का, विचार."

ज्योत्स्नानं फोन निकेशपुढे धरला. त्यानं ग्रीसनं माखलेला हात घाईघाईनं पँटला पुसला, तरी फोन धरायचा त्याला धीर होईना. तिनंच तो त्याच्या कानाला लावला.

"येतो जी," तो कसाबसा म्हणाला. "रविवारी येतो."